एच-जे-के-एल आणि प-र-क-त

लिअर सिग्लर या अमेरिकी कंपनीने 1976 मध्ये एडीएम-3ए नावाचं टर्मिनल बाजारात आणलं. काळ्या पडद्यावर चोवीस ओळी, दर ओळीत ऐंशी अक्षरं आणि खाली जोडलेला कीबोर्ड. त्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार कळांवरच डावा, खाली, वर आणि उजवा असे बाण छापलेले होते. कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकणारा बिल जॉय याच टर्मिनलवर बसून एक एडिटर लिहीत होता. कर्सर हलवायला त्याने साहजिकच त्या चार कळा घेतल्या.

एडीएम-3ए आता संग्रहालयात गेलं, पण त्या चार कळा राहिल्या. हिंजवडीत, पोवईत किंवा सिअॅटलमध्ये आज कोणी त्या एडिटरचा वंशज असलेला व्हिम उघडून बसलं असेल, तर कीबोर्डच्या कोपऱ्यात बाणांच्या चार स्वच्छ कळा असूनही त्याची बोटं एच-जे-के-एलवरच फिरत असतात. व्हिमच्या अनेक विचित्र वाटणाऱ्या सवयींचा उगम त्या यंत्रात सापडतो. एस्केपची कळ आता कोपऱ्यात वर गेली आहे, पण जॉयच्या कीबोर्डवर ती क्यूच्या शेजारी, आज टॅब असतो तिथं होती. करंगळी जरा सरकवली की पोहोचायची. कोलन टंकायला शिफ्ट लागत नव्हता. टिल्डचं नागमोडी चिन्ह आणि ‘होम’ हा शब्द एकाच कळेवर होते, म्हणून युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरची खूण आजही टिल्ड आहे.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की एडिटर आपल्या हाताला बसवून घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा रंगांपासून सुरुवात करतो. कोणता गडद रंग डोळ्यांना बरा आणि कोणता फॉन्ट छान दिसतो, यात एक रविवार जातो. माझ्या मते खरं काम दुसरीकडे आहे. एक कळ तिथं का आहे, ते कारण माझ्या टेबलावर अजून लागू आहे का, आणि नसेल तर ती हलवू का, एवढंच ते काम. त्यातून आपण मराठी लिहिणारे असलो, तर जॉयच्या डोक्यात कधी आलेच नसतील असे काही प्रश्न आपल्या वाट्याला येतात.

थोडा इतिहास. युनिक्सचा पहिला एडिटर ‘ईडी’ केन थॉम्प्सनने 1969 च्या सुमारास लिहिला. तो एकेका ओळीवर काम करायचा आणि चूक झाली की फक्त प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं, हे माणसाने ओळखायचं. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातले जॉर्ज कूलूरिस यांना हा प्रकार फार कोरडा वाटला. त्यांनी ‘ईएम’ केला, म्हणजे मर्त्य मानवांसाठीचा एडिटर. 1976 च्या उन्हाळ्यात ते बर्कलीला आले, तेव्हा जॉयने तो पाहिला. त्यावर हात फिरवता फिरवता जॉय आणि चक हेली यांचा ‘ईएक्स’ तयार झाला. 1978 मध्ये बर्कलीच्या पहिल्या युनिक्स संचातून तो बाहेर गेला आणि त्याचंच पडदाभर दिसणारं रूप 1979 च्या दुसऱ्या संचात ‘व्हीआय’ म्हणून आलं. हाच जॉय पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत होता. त्याच्या जोडीचे आणखी एक संस्थापक विनोद खोसला जन्माने पुण्याचे. व्हीआयशी पुण्याचं नातं इतपतच लांबचं आहे, पण पुणेकराला तेवढं पुरतं.

जॉय घरून मोडेमवर काम करायचा, सेकंदाला तीसेक अक्षरं या वेगाने. चोवीस गुणिले ऐंशी म्हणजे 1,920 अक्षरांचा पडदा एकदा भरायला मिनिटाहून जास्त लागायचं. तो भरेपर्यंत पुढची आज्ञा विचार करून द्यावी लागे आणि आज्ञा जितकी आखूड तितकी बरी. म्हणून डी डब्ल्यू म्हटलं की शब्द खोडला जातो, दोनदा डी म्हटलं की अख्खी ओळ जाते आणि नुसता टिंब दाबला की आधीची कृती पुन्हा होते. हे जमण्यासाठी अक्षरांना दोन कामं द्यावी लागतात. एका अवस्थेत ती आज्ञा असतात, दुसरीत मजकूर. पहिलीला नॉर्मल म्हणतात, दुसरीला इन्सर्ट. नवख्याची फजिती होते ती इथंच. तो रोमन लिपीत ‘नमस्कार’ लिहायला जातो आणि एडिटर त्यातलं प्रत्येक अक्षर हुकूम समजून पाळायला लागतो. बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न तर इतका गाजला की प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या एका प्रसिद्ध ठिकाणी तो पाहणाऱ्यांची संख्या 2017 मध्ये दहा लाखांवर गेली. उत्तर सोपं आहे. एस्केप, कोलन, क्यू, एंटर. बदल टाकून द्यायचे असतील तर क्यूच्या पुढे उद्गारचिन्ह.

व्हीआयचा व्हिम झाला तो नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनारमुळे. त्याने अमिगा संगणक घेतला आणि त्यावर व्हीआय नाही म्हणून हळहळला. अटारीसाठी लिहिलेली ‘स्टीव्ही’ नावाची एक नक्कल होती. तिचं अमिगावर आलेलं रूप घेऊन 1988 मध्ये त्याने डागडुजी सुरू केली. 1991 मध्ये फ्रेड फिश यांच्या फ्लॉपी-मालिकेतून ती लोकांपर्यंत गेली. सुरुवातीला नावाचा अर्थ ‘व्हीआयची नक्कल’ असा होता, पुढे तो ‘सुधारलेला व्हीआय’ झाला. मोलेनार 1994 मध्ये युगांडातल्या किबाले गावी पाणी आणि सांडपाण्याच्या कामाला गेला होता. एड्सने आईबाप हिरावलेली मुलं त्याने तिथं पाहिली. व्हिम त्याने फुकट ठेवला आणि वापरणाऱ्यांना विनंती केली, की आवडला तर या मुलांसाठी पैसे द्या. फाइल न देता व्हिम उघडला तर रिकाम्या पडद्याच्या मधोमध बऱ्याचदा ती विनंती दिसते. रोज ती ओळ पाहणाऱ्या कित्येकांना युगांडा नकाशावर दाखवता येणार नाही, तरी ते नाव त्यांना पाठ असतं.

आता फाइलकडे. व्हिम सुरू होताना घरच्या फोल्डरमधली ‘व्हिमआरसी’ ही फाइल वाचतो. तिच्या नावाआधी एक टिंब असतो आणि टिंबाने सुरू होणारी फाइल यादीत दिसत नाही. ही लपवालपवी कोणी ठरवून केली नव्हती, असं युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाईकने लिहून ठेवलं आहे. फोल्डरच्या यादीतून ‘हाच फोल्डर’ आणि ‘वरचा फोल्डर’ या दोन नोंदी वगळायच्या होत्या. कोणीतरी आळसाने नुसतं पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं आणि टिंबवाल्या सगळ्याच फाइली अदृश्य झाल्या. जगभरच्या प्रोग्रॅमरांची आवडनिवड त्या आडोशाला साठत गेली. आज लोक त्या फाइली गिटहबवर उघड मांडतात आणि दुसरे त्या उचलतात.

उचलायला माझी हरकत नाही, पण शेकडो ओळींची आयती फाइल आणणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. काही दिसतं, काही दिसत नाही आणि डोकं का दुखतंय ते कळत नाही. माझा नियम साधा आहे: एखादी गोष्ट वारंवार खुपली, तरच एक ओळ घालायची आणि तिच्या डोक्यावर मराठीत टीप लिहायची की ही का घातली. टीप लिहिता आली नाही, तर ती ओळ नको.

पहिली तक्रार बहुतेकांची एस्केपची असते. दिवसातून शेकडो वेळा हात कोपऱ्यात न्यावा लागतो. कोणी कॅप्स लॉकलाच एस्केप करतं, कारण कॅप्स लॉकचं कौतुक तसंही कोणाला नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही. कोणी इन्सर्टमध्ये पाठोपाठ जे आणि के दाबले की एस्केप समजावा अशी ओळ घालतं. ही दोन अक्षरं इंग्रजीत अशी शेजारी सहसा येत नाहीत, म्हणून ती निवडलेली.

दुसरी तक्रार गद्य लिहिणाऱ्यांची. प्रोग्रॅमरची ओळ आखूड असते. आपला परिच्छेद मात्र व्हिमच्या लेखी एकच लांबलचक ओळ असतो, पडद्यावर तो आठ ओळींत मोडून दिसला तरी. जे दाबलं की कर्सर खालच्या ओळीवर न जाता थेट पुढच्या परिच्छेदावर उडी मारतो. उपाय असा, की जे आणि के यांना ‘जीजे’ आणि ‘जीके’ यांचं काम द्यायचं, म्हणजे दिसणाऱ्या ओळीनुसार हालचाल होते. सोबत ‘लाइनब्रेक’ चालू करायचं, म्हणजे ओळ शब्दाच्या मध्येच तुटत नाही. लेखकाच्या फाइलमध्ये दुसरं काहीच नसलं तरी या तीन ओळी असाव्यात.

मग येते आपली लिपी.

समजा संगणकाचा कीबोर्ड मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीवर ठेवला. एच-जे-के-एलच्या जागी आता प-र-क-त उमटतात. इन्सर्टमध्ये उत्तम. पण एस्केप दाबून खाली जायला जे दाबावा, तर व्हिमच्या हातात पडतो ‘र’. र ही काही आज्ञा नाही. तो नुसता बीप करतो. म्हणजे दर वेळी नॉर्मलमध्ये आलं की कीबोर्ड इंग्रजीत, लिहायला लागलं की मराठीत. अशाने दोन परिच्छेदांत माणूस वर्डकडे परततो आणि त्याला दोष देता येत नाही.

यावर एक पर्याय ‘लँगमॅप’चा. र आला तर जे समज, क आला तर के समज, अशी यादी द्यायची. व्यंजनांपुरतं ठीक, पण इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला मात्रा आहेत. ‘ए’च्या कळेवर ओकाराची मात्रा, डीच्या कळेवर हलन्त. यादीत मात्रा एकटी लिहायला गेलं की ती आधीच्या स्वल्पविरामाच्या डोक्यावर जाऊन बसते आणि ती यादी वाचणं नकोसं होतं.

दुसरा पर्याय ‘कीमॅप’चा. मला विचाराल तर व्हिममधली मराठी माणसाच्या सर्वांत उपयोगाची सोय हीच. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी व्हिमला शिकवायचं. घरच्या व्हिमच्या फोल्डरात ‘कीमॅप’ नावाचा फोल्डर, त्यात ‘मराठी’ नावाची फाइल. वर ‘लोडकीमॅप’ हा शब्द आणि खाली दर ओळीत एक जोडी: जे, जागा सोडून र, के, जागा सोडून क. असा सगळा इन्स्क्रिप्ट. फोनेटिक हवा असेल तर तसा. नुक्त्याची किंवा ॐची कळ आपल्या सोयीने हलवता येते, कारण यादी आपली आहे. मग कंट्रोल आणि सहाच्या आकड्यावरची टोपी दाबली की मराठी चालू, पुन्हा दाबली की बंद. एस्केप दाबून बाहेर आलं की अक्षरं आपोआप आज्ञा होतात, पुन्हा आत गेलं की पुन्हा देवनागरी. आणखी बारीक गोष्ट अशी, की एफ म्हणजे ‘पुढचं अमुक अक्षर गाठ’ ही आज्ञा. एफ इंग्रजीतून घेतला जातो, पण त्यानंतरची कळ कीमॅपमधून जाते. म्हणजे एफ आणि जे दाबलं की कर्सर ओळीतल्या पुढच्या ‘र’वर जातो. ज्याने ही सोय घडवली त्याने रोमन नसलेल्या लिपींचा नीट विचार केला होता, हे इथं जाणवतं.

तरी सगळं सुरळीत होत नाही. व्हिमच्या हिशेबात ‘का’ म्हणजे क आणि त्याला चिकटलेला काना, मिळून एक अक्षर. एक्स दाबला की दोन्ही जातात. वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची असेल तर अख्खं अक्षर खोडून पुन्हा लिहायचं. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांनी ‘डेलकम्बाइन’ चालू करावं, मग एक्सने फक्त चिकटलेली खूण निघते आणि खालचं व्यंजन राहतं.

शोधाचं याहून गमतीदार आहे. ‘पुस्तक’ शोधा. ‘पुस्तक वाचलं’ सापडेल, ‘पुस्तकाचा कागद’ सापडणार नाही. कारण तिथं शेवटचा क एकटा नाही, त्याला काना आहे, म्हणजे व्हिमच्या दृष्टीने ते अक्षरच वेगळं. शब्दाला विभक्ती लागल्याशिवाय मराठीचं पान हलत नाही, त्यामुळे हा लहान दोष म्हणता येत नाही. शोधाच्या शेवटी बॅकस्लॅश, टक्का आणि मोठा सी लिहिला की व्हिम त्या जागच्या चिकटलेल्या खुणा सोडून देतो आणि ‘पुस्तकाचा’, ‘पुस्तकी’, ‘पुस्तकं’ सगळी सापडतात. हे रोज कोण टंकणार? ही शेपटी आपोआप जोडणारी एक ओळ माझ्या फाइलमध्ये आहे आणि तिच्यावरची टीप फाइलमधली सर्वांत लांब आहे.

आणि मग ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’. हा डोळ्याच्या पापणीसारखा र बऱ्याच मजकुरात र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण असा येतो. न दिसणारी वस्तू व्हिमला आवडत नाही. तो तिचा क्रमांक कोनी कंसात छापतो आणि वऱ्हाडाच्या पोटात 200 आणि डी उभे राहतात. युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ऱ स्वतंत्र आहे, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून तो मिळतो. त्याला हलन्त लावून पुढे य किंवा ह लिहिला की तोच पापणीचा र मिळतो, जोडखुणेशिवाय. बाहेरून आलेल्या लेखात असा र दिसला, की एका आज्ञेने सगळा लेख बदलून घ्यायचा.

काही गोष्टी मात्र न मागता बऱ्या मिळाल्या. वाक्याच्या पुढे उडी मारायची आज्ञा टिंब, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह ओळखते. आपण पूर्णविराम टिंबाचाच देतो, त्यामुळे मराठी गद्यात ती पहिल्या दिवसापासून चालते. हिंदीवाल्यांचा दंड तिला कळत नाही. मोडी सोडून बाळबोधीत छापायला लागलेल्या आपल्या पूर्वजांनी इंग्रजी विरामचिन्हं घेतली, त्याचा फायदा असा टर्मिनलमध्ये पोहोचेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

फाइलमधल्या ज्या ओळी कधी दिसत नाहीत त्या बहुधा सर्वांत मोलाच्या असतात. व्हिम लिहिता लिहिता शेजारी एक स्वॅप फाइल ठेवतो. दर दोनशे अक्षरांनी, किंवा चार सेकंद हात थांबला की, तिच्यात भर पडते. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी गावाकडे बसून लिहिलं, त्यांना हिचं महत्त्व सांगायला नको. वीज परत आली की फाइल उघडताना मोठी सूचना येते आणि आर दाबला की गेलेला मजकूर परत. नवखा त्या सूचनेला घाबरून डी दाबतो आणि स्वॅप फाइल पुसून टाकतो, हे दुर्दैव. ‘अनडूफाइल’ चालू केली तर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल मागे घेता येतात. ‘अर्लियर’ म्हणून पुढे दहा आणि एम लिहिलं की मजकूर दहा मिनिटांपूर्वी होता तसा होतो. संपादकाने कापलेला परिच्छेद संपादकालाच परत हवासा वाटला, की ही सोय फार कामी येते.

या सगळ्याच्या विरुद्ध बोलणारी माणसंही आहेत आणि त्यांचं म्हणणं कच्चं नाही. हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांना मी म्हटलं, “तुमची फाइल दाखवा ना.” ते हसले. “अहो, रिकामी आहे. मी दिवसभर परक्या मशीनवर असतो. घरी जे-के लावून घेतलं, तर तिथं कॉन्फिगच्या मधोमध जे-के टंकून येईन मी.” त्यांनी हात मूळ कळांनाच लावून घेतले आहेत. व्हीआय जवळपास प्रत्येक युनिक्स यंत्रावर सापडतो, मग जिथं जाऊ तिथं आपलं सामान नको, असा त्यांचा हिशेब. माझं यंत्र एकच, म्हणून मला तो लागू नाही. पण ज्याची रोजची वारी वीस सर्व्हरांची, त्याने त्यांचंच ऐकावं.

सुरक्षेचीही एक बाजू आहे. फाइलच्याच पहिल्या-शेवटच्या ओळींत सेटिंग लिहिता येतं, त्याला मोडलाइन म्हणतात. 2019 मध्ये असं उघडकीला आलं, की खास रचलेली मोडलाइन असलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातून वाटेल ती आज्ञा चालवता येते. दुरुस्ती लगेच आली. तरी बाहेरून येणारे लेख उघडणाऱ्याने मोडलाइन बंदच ठेवावी. एक ओळ, कायमचा निकाल.

प्लगइनांबद्दल मी आखडता हात ठेवतो. टिम पोप यांचं ‘सराउंड’ मात्र ठेवलं आहे, अवतरणचिन्हं एकेरीची दुहेरी करायला त्याच्यासारखं काही नाही. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचे आहेत, त्यांच्यातले बरेच निओव्हिमकडे गेले. हा फाटा 2014 मध्ये निघाला. त्याची सेटिंगं लुआ भाषेत लिहिता येतात, तर व्हिमची स्वतःची जुनी भाषा विक्षिप्त आहे, हे तिचे चाहतेही कबूल करतात. ईमॅक्सवाल्यांचं जग निराळं, तिथं एडिटर कुठं संपतो आणि सेटिंग कुठं सुरू होतं हेच सांगता येत नाही. आणि ज्याला महिन्यातून एकदा टर्मिनलमध्ये चार ओळी बदलायच्या आहेत, त्याने नॅनो वापरावा. खाली पडद्यावरच आज्ञा लिहिलेल्या असतात, बाहेर पडायचीसुद्धा.

ब्राम मोलेनार 3 ऑगस्ट 2023 रोजी गेला. तोवर व्हिममध्ये काय घ्यायचं आणि काय नाही, याचा शेवटचा शब्द बहुतांशी त्याचा असे. आता क्रिश्चन ब्राबांट आणि इतर स्वयंसेवक ते पाहतात. जानेवारी 2024 मध्ये आलेली 9.1 ही आवृत्ती त्यांनी ब्रामला अर्पण केली.

माझ्या फाइलमध्ये एक टीप मात्र खाली ओळ नसताना उभी आहे. ‘स्त्री’ हा शब्द व्हिम स्, त् आणि री अशा तीन चौकटींत मोजतो. टर्मिनल कधी तो एका आकारात जुळवतं, कधी पाय मोडून तीन तुकड्यांत दाखवतं आणि पुढची सगळी ओळ कर्सरपासून एक-दोन घरं सरकते. एडीएम-3एच्या पडद्यावर ऐंशी घरं होती आणि एका घरात एक अक्षर. तो हिशेब कोणत्याही सेटिंगने बदलत नाही. तो टर्मिनल आणि एडिटर दोघांनी मिळून बदलायचा आहे. त्यामुळे शेवटची प्रुफं मी अजून ब्राउझरमध्ये पाहतो, चुका कागदावर मांडतो आणि मग परत येऊन एफ, जे, एक्स करत त्या काढतो.